रूम टोनला मिळालेला वन्समोअर

तीनशे माणसांना एक मिनिट गप्प बसवायचं होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं होतं.

अकोल्याचं जुनं नाट्यगृह, मे महिना, दुपारचे साडेतीन. हॉल गच्च भरलेला. माणसं सकाळी नऊपासून बसलेली. जुन्या काळातला प्रेक्षक दिसावा म्हणून कुणाला फेटा दिला होता, कुणाला काळी टोपी, बायकांना नऊवारी. दोन्ही बाजूंना मिळून सहा मोठे कूलर घरघरत होते आणि त्यांच्यासमोरची जागा सोडायला कुणी तयार नव्हतं. मी माइक हातात घेतला आणि सांगितलं, "मला साठ सेकंद पूर्ण शांतता पाहिजे. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हालचाल करायची नाही. आणि कूलर बंद करावे लागतील."

मला वाटलं, आता हॉल अंगावर येणार. अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी कूलर बंद करा म्हणायला छाती लागते. पण झालं भलतंच. माणसं सरसावून बसली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी नीट केली. मागून कुणीतरी आपणहून ओरडलं, "बंद करा, बंद करा कूलर." मी खूश झाले. काय शिस्तीची माणसं आहेत, असं मनात म्हणालेसुद्धा. तीच माझी चूक होती, पण ते पुढे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. अमरावतीला माझ्या वडिलांची लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. लग्न, कीर्तन, निवडणूक, नाटक, जे येईल ते. मी त्यांच्याबरोबर वायरी गुंडाळत मोठी झाले. पुढे रीतसर शिकले, सिनेमा-सिरियलची कामं घेऊ लागले, तरी अमरावतीत अजून मला "लाउडस्पीकरवाल्यांची वैशाली" म्हणूनच ओळखतात. माझी त्याला हरकत नाही.

आता रूम टोन म्हणजे काय ते सांगते. तुम्ही म्हणाल, शांततेचं रेकॉर्डिंग कशाला करायचं? तर कुठलीही जागा पूर्ण शांत नसते. तुमच्या स्वयंपाकघराची शांतता वेगळी, देवळाची वेगळी. सिनेमात दोन वाक्यांच्या मध्ये आम्ही आवाज कापतो. तिथे नुसती पोकळी ठेवली तर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो. तो खड्डा भरायला त्याच जागेची शांतता लागते. म्हणून शूटिंग झालं की सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं आणि मिनिटभर ती शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. भरलेल्या हॉलची शांतता रिकाम्या हॉलसारखी नसते, कारण माणसांची अंगं आवाज पिऊन टाकतात. त्या दिवशी संध्याकाळी प्रेक्षकांना घरी सोडून स्टेजवरचे काही संवाद घ्यायचे होते. त्यामुळे लोक बसलेले असतानाच रूम टोन घेणं भाग होतं.

सिनेमा होता 'संगीत रत्नवेणी'. या नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. आमच्या आजोबांच्या काळात हे नाटक वऱ्हाडात गावोगाव झालं. रत्नवेणी ही राणी. तिच्यावर खोटा आळ येतो आणि तिसऱ्या अंकात ती राजवाडा सोडून निघते. निघताना उंबरठ्यावर थांबून ती एक पद म्हणते, 'सरे न वाट ही, नाथा'. सगळं नाटक त्या पदासाठी. लोक जेवूनखाऊन निवांत यायचे ते त्या पदाला वन्समोअर द्यायला. वन्समोअर म्हणजे प्रेक्षकांनी तेच गाणं परत मागायचं आणि गाणाऱ्याने ते परत गायचं, पण जसंच्या तसं नाही. दुसऱ्यांदा काहीतरी नवीन द्यायचं. ते नाही दिलं तर लोक तोंडावर सांगत.

मधे कित्येक वर्षं हे नाटक कुणी केलं नाही. मग काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या आमच्या मंडळींनी ते नव्या संचात उभं केलं. रत्नवेणी झाली अर्चना वानखडे. वलगावची मुलगी, घरची शेती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाणं अमरावतीला शिकली. ऑर्गनवर होते अकोल्याच्या जुन्या शहरातले उस्मानचाचा. हार्मोनियम दुरुस्तीचं त्यांचं दुकान. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन त्यांनी स्वतः भंगारातून उचलून आणून बोलता केला होता. साउंड अर्थातच माझा.

पहिला उन्हाळी प्रयोग याच अकोल्याच्या हॉलमध्ये झाला. कूलरच्या आवाजात पद ऐकू येईना म्हणून उस्मानचाचांनी ऑर्गनवरचा हात काढला आणि स्टेजपुढच्या पिटातूनच म्हणाले, "पहिले कूलर बंद करो, फिर रानी जाएगी." लोक हसले, कूलर बंद झाले, पद झालं आणि घामाने भिजलेल्या लोकांनी तीन वन्समोअर दिले. तेव्हापासून अकोल्यात तो रिवाजच पडला. तिसऱ्या अंकात ते पद आलं की लोक स्वतःच ओरडून कूलर बंद करायला लावत.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या दुपारी रूम टोनच्या नादात मला ते आठवलं नाही. धंद्यात मुरलं की असं होतं. आपल्याला आपलं बटण तेवढं दिसतं.

आता एक कबुलीही देऊन टाकते, कारण तिच्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

नाटक गाजलं तसं मुंबईच्या एका दिग्दर्शकाच्या कानावर गेलं. कौस्तुभ त्यांचं नाव. चांगला माणूस, कामात पक्का. त्यांनी प्रयोगाचा व्हिडिओ मागवला. अमरावतीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. त्या दिवशी मी फुटमाइक, म्हणजे स्टेजच्या कडेला ठेवतात ते माइक, बाबा जिथे ठेवायचे तिथेच ठेवले, बरोबर मधोमध. बाबांच्या वेळी ऑर्गन विंगेत असायचा. आमच्या प्रयोगात तो स्टेजच्या पुढे, पिटात, माझ्या मधल्या माइकच्या अगदी नाकाखाली होता. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये ऑर्गन भरभरून आला आणि अर्चनाचा आवाज मागे कुठेतरी बारीक, पाणी घातलेल्या ताकासारखा. लग्नसराई होती, मी घाईत होते, न ऐकताच फाइल पाठवून दिली.

कौस्तुभना अर्चनाचा अभिनय आवडला. त्यांनी तिलाच रत्नवेणी म्हणून घेतलं. पण निरोप आला की गाणं मुंबईच्या एका नामांकित गायिकेकडून करून घेतलंय. अर्चना दिसते छान, पण आवाजात दम नाही.

निरोप ऐकून मी घरी ती फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. दम नव्हता तो माझ्या माइकच्या जागेत. मी कौस्तुभना फोन केला आणि स्वतःची चूक न सांगता एवढंच म्हटलं की तिला समोर बसवून एकदा ऐका. ते नम्रपणे म्हणाले की गाणं रेकॉर्ड झालंय, निर्मात्यांना नाव असलेला आवाज हवाय, आता काही करता येणार नाही. अर्चनालाही मी माझी चूक सांगितली नाही.

तिने सिनेमा स्वीकारला. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात मी वलगावला तिच्या घरी गेले होते. तिची आई तूर पाखडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पडद्यावर हे दिसन अन् आवाज दुसरीचा येईन. मंग मी गावातल्या बायाइले काय सांगू? तोंड आमचं व्हय, गानं आमचं नोहे?" अर्चना हसून चहा करायला आत गेली. मी आईसमोर बसून तुरीतले खडे वेचू लागले.

तर शूटिंगचा दिवस. गाण्याचं शूटिंग कसं करतात तेही सांगते. तयार गाणं स्पीकरवर लावतात आणि नटी त्यावर ओठ हलवते. त्याला प्लेबॅक म्हणतात. तेव्हा माझ्या रेकॉर्डरला काम नसतं, त्यामुळे कूलर सुरू राहिले तरी चालतात. सकाळपासून अकरा टेक झाले. अकरा वेळा मुंबईच्या बाई गायल्या, अकरा वेळा अर्चनाने ओठ हलवले. उस्मानचाचांना पिटात बसवलं होतं, पण फक्त बोटं फिरवायची, पायाने भाता मारायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. त्यांचा चेहरा उपासाच्या दिवशी दुसऱ्याला जेवताना बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. ट्रॅक होता काळी पाच पट्टीत. अर्चना गाते काळी चारमध्ये, म्हणजे एक सूर खालून. तेवढ्याने तिचं काही बिघडत नव्हतं, कारण तिला गायचंच नव्हतं.

प्रेक्षक म्हणून बोलावलेले बहुतेक लोक नाटकाचेच चाहते होते. दिग्दर्शकाच्या असिस्टंटने त्यांना बजावलं होतं, गाणं संपलं की टाळ्या वाजवा, बाकी काही नाही. ते टाळ्या वाजवत होते. पण कशा, तर लग्नात पाचव्या पाहुण्याच्या भाषणाला वाजवतात तशा. कौस्तुभ हैराण झाले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिल्या रांगेतल्या त्या टोपीवाल्या गृहस्थांना विचारलं. त्यांचं नाव दादाराव. जुन्या शहरात राहतात, पोस्टातून रिटायर झालेत, वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी मूळ नाटक पाहिलेलं.

कौस्तुभ म्हणाले, "काका, जुन्या काळी लोक वेडे व्हायचे ना या गाण्याला? तसं काही वाटू द्या चेहऱ्यावर."

दादाराव शांतपणे म्हणाले, "साहेब, टेपले कोन वेडं होते? बाई आली का सांगा, मंग होतो आमी वेडे."

कौस्तुभ हसले आणि विषय सोडून दिला.

अकरावा टेक ओके झाला. कॅमेरे बंद झाले. अर्चनाला स्टेजवरच उभं ठेवलं होतं, कारण पुढचे संवाद तिथूनच घ्यायचे होते. त्यासाठी तिच्या केसांत मी छोटा कॉलर माइक लपवून आधीच लावून ठेवला होता. शिवाय स्टेजच्या वर एक लांब दांडीचा माइक आणि हॉलच्या मधोमध एक. पिटात, ऑर्गनजवळ, एकही नाही. त्या दिवशी तिथे गरज नव्हती.

मग मी ती घोषणा केली, कूलर बंद झाले आणि मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की मला बाहेर रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली. शांतता टिपायची म्हणून मी गेन वर घेतला होता. गेन म्हणजे माइकचा कान किती टवकारायचा ते ठरवणारं बटण. गेन वर असला की शेजारच्याचा श्वासही ऐकू येतो. हेडफोनमध्ये मला तीनशे माणसांचे श्वास येत होते. दहा सेकंद, पंधरा सेकंद. कधी नव्हे इतका सुंदर रूम टोन मिळत होता.

साधारण विसाव्या सेकंदाला दादाराव म्हणाले, "होऊ द्या बाई आता."

मी ओठांवर बोट ठेवून त्यांना खूण केली. त्यांनी मान डोलावली, म्हणजे मी सुरुवात करा म्हणाले असं त्यांना वाटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वन्समोअर." मग बाल्कनीतून एक. मग सगळीकडून, पण आरडाओरडा नाही, आर्जव केल्यासारखं. अकोल्याच्या त्या लोकांच्या लेखी हिशेब सरळ होता. सकाळपासून टेप वाजत होती तेव्हा कूलर सुरू होते. आता कूलर बंद केले, सगळ्यांना गप्प बसवलं, राणी उंबरठ्यावर उभी. म्हणजे आता खरं पद होणार. मी स्वतः माइकवर सांगून त्यांना त्यासाठीच तयार केलं होतं.

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत पिटातून भात्याचा आवाज आला. उस्मानचाचांचे पाय सुरू झाले होते. त्यांनी काळी चार दाबली आणि धरून ठेवली.

तिने डोळे मिटले आणि गायला लागली.

इथे माझ्यासमोर दोन रस्ते होते. रूम टोन बिघडला होता. नियमाने स्टॉप दाबायचा आणि ओरडायचं. किंवा गेन खाली घ्यायचा. इतक्या वर घेतलेल्या गेनवर ती एकदा जोरात गायली असती तर आवाज फाटून सगळ्याचा चोथा झाला असता. आणि गेन एकदम खाली ओढला तर गाण्यात झटका बसतो, तो नंतर काढता येत नाही. बटण केसाकेसाने फिरवावं लागतं.

पहिली ओळ खालच्या सुरात आहे, म्हणून मी वाचले. दोन्ही हातांच्या दोन बोटांनी मी वरच्या माइकचा आणि कॉलर माइकचा गेन खाली आणत गेले. 'सरे न वाट ही' म्हणून ती थांबली तेव्हा मी निम्म्यावर होते. 'नाथा'वर तिने वरचा सूर लावला आणि मीटरचा काटा लाल रेघेच्या अलीकडे येऊन थांबला. मी श्वास सोडला. डोळ्याच्या कोपऱ्यातून कौस्तुभ धावत येताना दिसले. मी मान न वळवता डावा हात वर केला, थांबा म्हणून. मोठ्या दिग्दर्शकाला अशी खूण मी त्याआधी कधी केली नव्हती आणि नंतरही केलेली नाही.

दुसऱ्या कडव्यात तिने जे केलं ते मी साठ प्रयोगांत ऐकलं नव्हतं. उंबरठ्यावरून पाऊल उचलता उचलता ती परत मागे वळते, तशी तान मागे वळली. दादारावांच्या तोंडून "वाः" निघून गेलं. चाचांनी शेवटचा सूर सोडला आणि मग हॉल फुटला. फेटे उडाले. एका आजीने आपली नऊवारी आवरत शेजारच्या आजीला मिठी मारली. मी रडत होते आणि हसत होते आणि तरी बोट रेकॉर्डच्या बटणावर होतं, कारण टाळ्या विरल्याशिवाय कापायचं नसतं.

कौस्तुभ टेबलाशी आले. चेहरा लाल.

"वैशालीताई, रूम टोन कुठे आहे?"

"पहिले वीस सेकंद आहेत. तेवढे मी जोडून वाढवून घेईन."

"आणि बाकीचं?"

मी हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. ते उभ्याउभ्याच ऐकायला लागले. पहिल्या कडव्यानंतर खुर्ची ओढून बसले. संपल्यावर हेडफोन न काढताच त्यांनी विचारलं, "ही तीच मुलगी? व्हिडिओतली?"

"तीच," मी म्हटलं. "व्हिडिओत माइक ऑर्गनसमोर होता. माझी चूक होती. फाइल न ऐकता तुम्हाला पाठवली. आवाज तिचा पहिल्यापासून हाच आहे."

एवढं बोलायला मला आठ महिने लागले होते. कौस्तुभनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. वाटलं, आता हा माणूस मला सगळ्यांसमोर झापणार. पण ते उठले, फोन घेतला आणि बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे भर उन्हात पाऊण तास फेऱ्या मारत होते. आम्ही आतून त्यांचे हातवारे बघत होतो. उस्मानचाचा म्हणाले, "बेटी, हाथ ऊपर जा रहे हैं तो लड़ाई चालू है. अभी अच्छा है."

निर्मात्यांचा निर्णय असा आला. मुंबईच्या बाईंचं गाणं वेगळं प्रसिद्ध होईल, जाहिरातीत तेच वाजेल. पण सिनेमात, त्या प्रसंगाला, हे रेकॉर्डिंग लावून बघा. उद्या सकाळी ओठ जुळले तर ठेवू, नाहीतर जुनंच.

तुम्हाला वाटेल, स्वतःच्याच गाण्यावर ओठ हलवणं सोपं. अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन टेकला अर्चना चुकली. मुंबईच्या बाईंची हरकत न् हरकत तिने पाठ केली होती. पण स्वतःचं गाणं लागलं की तिला दर वेळी नवीनच सुचे. स्पीकरवर तान उजवीकडे जाई, ही डावीकडे. कौस्तुभनी डोकं धरलं. शेवटी चाचा पिटातून म्हणाले, "बेटी, काल इथे गाऊन गेली ती तू नव्हेस, दुसरीच बाई. आज तू तिची नक्कल कर. ती तुझी उस्ताद आहे असं समज." चौथ्या टेकला ओठ बरोबर जुळले. तो प्रेक्षक तसाच हवा म्हणून लोकांना परत बोलावलं होतं. कूलर बंद ठेवायची आता गरज नव्हती, पण दादारावांनी चालू करू दिले नाहीत.

रेकॉर्डिंगमधली एक गोष्ट मला काढता आली नाही. दादारावांचं "वाः" नेमकं तिच्या तानेवर बसलं होतं. मुंबईच्या स्टुडिओत दोन दिवस खटपट केली. आवाज काढला की तान लुळी पडे. शेवटी कौस्तुभ म्हणाले, राहू दे, ते गाण्यातच आहे.

अकोल्याहून अमरावतीला परत येताना मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. गाडीत मी आणि अर्चना दोघीच. मी घसा खाकरला आणि सांगून टाकलं, की तुझं गाणं माझ्यामुळे गेलं होतं. माइक चुकीच्या जागी ठेवला, न ऐकता फाइल पाठवली. आठ महिने तुला सांगायची हिंमत झाली नाही.

तिने बिस्किट चहात बुडवलं. "मले मालूम होतं ताई. व्हिडिओ मी बी पायला होता ना."

"मग बोलली का नाहीस मला?"

"काहून बोलू? तुमी माफी मागत बसल्या असत्या. मंग माझ्यासमोर तुमचा हात थरथरला असता." ती हसली. "काल थरथरला असता तं गेलं असतं ना गानं."

मी तिच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि खाल्लं.

सिनेमा लागला तेव्हा अकोल्यातल्या एका थिएटरमध्ये पहिला खेळ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. वलगावहून अर्चनाची आई आणि गल्लीतल्या बाया गाडी करून आल्या होत्या. पद सुरू झालं. आई पुढे झुकली. पहिल्या 'नाथा'ला तिने शेजारच्या बाईला कोपर मारलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे आमचीच व्हय. आवाज बी आमचाच." मग पदराने डोळे टिपले आणि कुणीही बोललं की त्याला गप्प करत राहिली.

तानेवर पडद्यातून "वाः" आलं. दादाराव दोन रांगा पुढे बसले होते. आपलाच आवाज ऐकून ते दचकले, मग इकडेतिकडे बघून खुर्चीत ताठ झाले.

पद संपलं. पडद्यावरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आणि थिएटरच्या अंधारात दादाराव काठी टेकत उभे राहिले. टेपला कोण वेडं होतं, असं म्हणणारा हा माणूस. त्यांनी मोकळ्या गळ्याने हाक दिली, "वन्समोअर."

सगळं थिएटर मागोमाग उठलं. वरच्या खोलीतला ऑपरेटर बिचारा काय करणार? त्याने दोन मिनिटं वाट पाहिली, मग सिनेमा थांबवला आणि पद पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदा गाणं तेच होतं, हरकत न् हरकत तीच, नवीन काही नाही. लोकांनी तरीही तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. अर्चना माझ्या शेजारी बसून तोंड दाबून हसत होती आणि दुसऱ्या कडव्याला हळू आवाजात भलतीच तान घेत होती. ती फक्त मला ऐकू आली.

त्यानंतर मी दोन गोष्टी करते. कुठलीही फाइल पाठवण्याआधी शेवटपर्यंत ऐकते. आणि अकोल्यात कूलर बंद करायला सांगितले, की रूम टोनची आशा सोडून गेनच्या बटणावर बोट ठेवून बसते.